एका रुपयाचा हिशोब

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही, त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला.

१९९२ साली महाराष्ट्र सरकारनं उपस्थिती भत्त्याची योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या घरातली मुलगी पहिली ते चौथीत नियमित आली, तर हजेरीच्या दर दिवसामागे घरच्यांना एक रुपया.

मध्ये पंचाहत्तर वर्षं गेली. रुपया तोच राहिला, दिशा बदलली. आधी तो पालकाच्या खिशातून काढायचा होता, नंतर खिशात घालायचा. दोन्ही वेळा राज्यकर्त्यांना पडलेला प्रश्न मात्र एकच होता: ही माणसं आपली मुलं शाळेत का पाठवत नाहीत?

सरकारी शाळांचा इतिहास आपण बहुतेक वेळा कायदे, समाजसुधारक आणि शिक्षक यांच्या बाजूनं वाचतो. पालक त्यात असतात, पण ‘अडाणी’, ‘उदासीन’, ‘जागृती नसलेले’ अशा विशेषणांच्या रूपात. मला हा इतिहास पालकांच्या बाजूनं लावून बघायचा आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो. गाव नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती. अमरावतीहून बडनेरा ओलांडून यवतमाळकडे निघालात की लागतं. टेकडीवर खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ, आणि चारही बाजूंनी कापूस, तूर, सोयाबीन. या शेतांचा आणि शाळेच्या हजेरीपटाचा संबंध आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

कापूस आणि शाळेची घंटा

१८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला अचानक भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली. सरकारी मराठी शाळा वऱ्हाडातल्या गावांमध्ये पसरू लागल्या त्या साधारण याच दशकांत. म्हणजे कापसाचा बाजार आणि सरकारी शाळा आमच्याकडे हातात हात घालून आल्या, आणि आल्या त्या दिवसापासून त्यांचं एकमेकींशी पटलं नाही.

कारण दोघींचं कॅलेंडर वेगळं आहे. मृग लागला की पेरणी, मग निंदण, डवरणी. दसरा-दिवाळीच्या आसपास पहिला वेचा, आणि तिथून थेट माघापर्यंत एकामागून एक वेचे. शाळेचं वर्षही जूनमध्येच सुरू होतं. शाळा भरात येते तेव्हा शेतात बोंडं फुटलेली असतात. फुटलेला कापूस थांबत नाही. अवकाळी पाऊस आला की पिवळा पडतो, वाऱ्यानं गळून मातीत जातो. वेचायला हात लागतात, आणि जितके मिळतील तितके कमीच पडतात.

माझी आजी दुसरीपर्यंत शिकली. का सोडली असं एकदा विचारलं, तर ती म्हणाली, “शायेत फी नोती बाप्पा. पन मी शायेत गेली असती त ढोरं कोन चारली असती? अन् धाकल्याले कोन सांभायलं असतं?”

अर्थशास्त्रात याला मोठं नाव आहे. आजीला ते माहीत असायचं कारण नाही. पण तिच्या बापानं केलेला हिशोब अगदी तोच होता: शाळेची किंमत फीमध्ये नसते, मुलाच्या बुडालेल्या कामात असते. फी माफ केली म्हणून शाळा फुकट होत नाही. आणि त्या बदल्यात मिळणार काय, तर दोन-तीन इयत्ता, ज्यांच्यापुढे गावात वर्गच नाही. असा सौदा नाकारणारा माणूस उदासीन नसतो. तो फक्त घर चालवत असतो.

कर आमचा, शाळा कोणाची

हे पहिल्यांदा सरकारच्या तोंडावर सांगितलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्याचा गाभा सरळ होता: सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्याच्या घामाचा, पण शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली.

पण त्या निवेदनातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. ते नुसती सक्ती मागून थांबले नाहीत. शिक्षक कोण असावा, त्याला पगार किती असावा, तो शेतकरी समाजातून का यावा, अभ्यासात शेतीची आणि आरोग्याची माहिती का असावी, हेही त्यांनी मांडलं. शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस रुपये द्या, इतक्या तपशिलात. म्हणजे फुल्यांनी पालकाला दोष देण्याआधी शाळेला प्रश्न विचारले: शेतकऱ्यानं मूल पाठवावं असं तुमच्यात काय आहे?

आयोगानं सक्तीची सूचना मान्य केली नाही. पुढे तीस वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हाच विषय थेट कलकत्त्याच्या कायदेमंडळात नेला. १९१० मध्ये ठराव, १९११ मध्ये विधेयक. मागणी अगदी माफक: सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी, तेही जिथली स्थानिक संस्था तयार असेल आणि जिथे आधीच पुरेशी मुलं शाळेत जात असतील तिथेच सक्ती. महिन्याला दहा रुपयांहून कमी कमाई असलेल्या पालकांना फी माफ. न पाठवणाऱ्याला दंड.

मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकार म्हणालं, पैसा नाही आणि वेळ आलेली नाही. काही जमीनदारांची भीती जास्त प्रामाणिक होती: पोरं शाळेत गेली तर शेतात राबणार कोण? माझ्या आजीचं आणि जमीनदाराचं वाक्य जवळजवळ एकच आहे, हे लक्षात येतं तेव्हा जरा थांबायला होतं. फरक एवढाच की आजीच्या घरी ती अडचण होती आणि जमीनदाराच्या घरी तो फायदा होता.

गोखल्यांना जे ब्रिटिश हिंदुस्थानात जमलं नाही, ते संस्थानिकांनी करून दाखवलं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मग १९१७ मध्ये कोल्हापूर. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शाहू महाराज आमच्या वऱ्हाडात आले होते, खामगावला, अखिल भारतीय मराठा शिक्षण परिषदेचे अध्यक्ष म्हणून. दंडाचा रुपया तेव्हा ताजा होता.

तो दंड आज वाचताना कठोर वाटतो. त्या काळात मजुराच्या घरात रुपया ही मोठी रक्कम होती. पण शाहू महाराजांनी दंड एकटा ठेवला नव्हता. कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली ती त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून. पालकाला धाक आणि पालकाला हातभार, दोन्ही सोबत होतं. नंतरच्या काळात सक्ती सगळ्यांना आठवली. वसतिगृहांचं महत्त्व कळलं ते थोड्यांना.

पापळ

त्या थोड्यांपैकी एक आमच्या तालुक्यातला.

पापळ हे आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव. पूर्वी हा सगळा भाग चांदूर तालुक्यात होता. २७ डिसेंबर १८९८ रोजी तिथल्या एका शेतकरी घरात पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. डॉ. पंजाबराव म्हणजे पुढचे केंद्रीय कृषिमंत्री, ज्यांच्या नावानं अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे. शाळेची सुरुवात पापळला, मग चांदूर, मग कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल, पुण्याचं फर्ग्युसन, आणि शेवटी एडिंबरा आणि ऑक्सफर्ड. वडील शामराव यांनी परदेशी पाठवण्यासाठी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला, ही गोष्ट आमच्याकडे शाळेच्या प्रत्येक भाषणात सांगितली जाते.

भाषणात ती मुलाच्या जिद्दीची गोष्ट असते. मी ती बापाच्या बाजूनं ऐकून बघितली. शामरावांनी काय केलं? गावात पुढचे वर्ग नाहीत म्हटल्यावर लहान मुलाला घराबाहेर ठेवायची सोय लावली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक टप्प्यावर शाळा एक गाव पुढे सरकत होती आणि बाप तिच्या मागे मुलाला धाडत होता. हे ज्याला जमलं त्याच्याकडे गहाण टाकायला जमीन होती. त्याच पापळमध्ये ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांची मुलं किती हुशार होती हे कोणाला कधी कळणार?

पंजाबरावांना बहुधा हे नीट कळलं होतं, कारण परत आल्यावर त्यांनी जे केलं त्यात उपदेश कमी आणि सोय जास्त आहे. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, म्हणजे खेड्यातल्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा. १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. गावोगावच्या प्राथमिक शाळा याच संस्थेच्या हातात होत्या. तिथे त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० ते १९३३ या काळात ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे शिक्षणमंत्री होते. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज विदर्भात तुम्ही कुठेही जा, या संस्थेची एखादी शाळा किंवा कॉलेज आसपास असतंच.

विहिरी आणि शाळा एकाच माणसाच्या कामात एकत्र येतात हे मला योगायोग वाटत नाही. ज्या पालकाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नाही, त्याला तुम्ही गावच्या शाळेत मूल पाठव म्हणून सांगता. तिथे ते कुठे बसेल, पाणी कुठलं पिईल, हा त्याचा पहिला प्रश्न असणार. त्याचं उत्तर न देता दंड लावणं सोपं आहे.

ताट विका

अमरावती जिल्ह्यानं याच काळात आणखी एक माणूस दिला, जो पालकांशी थेट बोलला. गाडगेबाबा. जन्म १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. स्वतः शाळेत गेलेले नाहीत. हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर, आणि रात्री कीर्तन. त्यांच्या कीर्तनात शाळेचा विषय हमखास निघायचा आणि तो मुलांना उद्देशून नसायचा, समोर बसलेल्या आईबापांना उद्देशून असायचा. जेवायचं ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, कर्ज काढून सण करू नका, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांचं सांगणं वऱ्हाडात आजही घराघरात ठाऊक आहे.

यात हिशोब आहे, हे बघा. बाबा असं म्हणत नाहीत की शिक्षण फुकट आहे. ते म्हणतात शिक्षण महाग आहे, ताटाच्या किमतीचं आहे, आणि तरी घ्या. खर्च कबूल करूनच ते मागणी करतात. म्हणून ती समोरच्या माणसाला पटायची. सरकारी फलकावर ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ लिहिलेलं असतं, तेव्हा प्रगती दिसते, खर्च कुठेच दिसत नाही.

तीन किलो तांदूळ

स्वातंत्र्यानंतर संविधानानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. म्हणजे १९६० पर्यंत. आमच्याकडे १९४८ पासून जनपद सभा होत्या, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली आणि गावची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. इमारती वाढल्या, गुरुजी वाढले. पण वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडायचा तो पडतच राहिला.

मग नव्वदच्या दशकात सरकारनं हिशोबाची वही उघडली. १९९२ चा मुलींचा रुपया आला. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहार योजना आली. सुरुवातीला शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की मुलामागे तीन किलो तांदूळ घरी न्यायचा. माझ्या मोठ्या ताईनं तो पिशवीतून आणलेला आहे. आईच्या सांगण्यानुसार तांदूळ काही फार चांगला नसायचा, खडे निघायचे, पण महिनाअखेरीला तो घरात असायचा. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आमच्या भागात भात सणासुदीला व्हायचा. तो ताईच्या हजेरीनं घरात आणला.

नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की धान्य वाटू नका, शिजवून द्या. त्यातून खिचडी आली. मी खिचडीच्या पिढीतला. या बदलात मुलांचं भलं झालं यात शंका नाही, कारण पिशवीतला तांदूळ सगळ्या घरात वाटला जायचा, खिचडी मुलाच्याच पोटात जाते. पण पालकांच्या बाजूनं एक गोष्ट घडली जी फारशी कोणी नोंदवली नाही: सकाळी कामावर जाणाऱ्या आईला दुपारच्या जेवणाची चिंता राहिली नाही. डबा करायचा नाही, आणि पोरगं दुपारी उपाशी फिरणार नाही याची खात्री. शाळेनं तिला दिवसाचे काही तास परत दिले. मजुरी करणाऱ्या बाईसाठी हे दिवसाला मिळणाऱ्या रुपयापेक्षा कितीतरी मोठं होतं.

रुपयाचं काय झालं म्हणाल, तर तो वर्षानुवर्षं रुपयाच राहिला. महागाई वाढत गेली, वेचणीचा दर किलोमागे वाढत गेला, मुलीच्या हजेरीची किंमत तिथेच अडकली. दंड असताना रुपया जड होता. भत्ता झाल्यावर तो इतका हलका झाला की घ्यायला जाणाऱ्यालाच लाज वाटावी.

सही करणारे पालक

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. इथे पालकाची भूमिका कागदावर पूर्ण बदलली. कायदा म्हणतो की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण न पाठवल्याबद्दल दंड मात्र नाही. उलट प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा. १९१७ चा आरोपी २०१० मध्ये व्यवस्थापक झाला.

माझी काकू तालुक्यातल्या एका गावात अशा समितीवर तीन वर्षं होती. शेतमजुरी करते. बैठक सकाळी अकरा-बाराला असायची. ती म्हणते, “मिटिंगले गेली त रोजी पडते. नाई गेली त मास्तर मंते, पालकाईले काई पडलंच नाई.” पुढेपुढे तिनं मध्यममार्ग काढला. संध्याकाळी शाळेचा कोणी पोरगा रजिस्टर घेऊन घरी यायचा आणि ती सही करायची. तीन वर्षांत तिनं बऱ्याच ठरावांवर सह्या केल्या. ते ठराव काय होते असं मी विचारलं तेव्हा ती हसली.

इथे माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगतो. शाळांची सगळी माहिती दरवर्षी यू-डायस नावाच्या प्रणालीत भरली जाते. त्या फॉर्ममध्ये वर्षभरात समितीच्या किती बैठका झाल्या हे विचारलेलं असतं. काकूच्या शाळेचा आकडा तिथे व्यवस्थित भरलेला असणार. बैठकीत पालक काय म्हणाले, यासाठी रकाना नाही. जे मोजलं जातं ते भरलं जातं, हे कुठलाही सॉफ्टवेअरवाला तुम्हाला सांगेल. जे मोजलं जात नाही, ते हळूहळू व्हायचंही थांबतं.

आणि काकूच्या गैरहजेरीचं कारण पुन्हा तेच आहे. रोजी. आजीच्या वेळी मुलाला शाळेत पाठवायची किंमत रोजीत होती, आता शाळेत आपलं मत मांडायची किंमत रोजीत आहे.

प्रश्नचिन्ह

काही पालक तर या रजिस्टरातही कधी आले नाहीत. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे २०१२ साली एक निवासी शाळा सुरू झाली. नाव ‘प्रश्नचिन्ह’. ती काढली मतीन भोसले यांनी. ते स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ती नोकरी सोडून त्यांनी हे काम हातात घेतलं.

पारध्यांसारख्या जमातींचा सरकारशी संबंध शाळेतून आला नाही, पोलीस ठाण्यातून आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अनेक भटक्या समाजांवर जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला. अशा घरातल्या बापाला सरकारी इमारतीत जाऊन नाव, पत्ता आणि जन्मतारीख सांगा म्हणणं म्हणजे काय, याची कल्पना करा. पत्ता कायमचा नाही. दाखला नाही. पोटासाठी गावोगाव हिंडायचं, कधी रेल्वे स्टेशनवर, कधी शहराच्या सिग्नलवर. मूल एका शाळेत टिकणार कसं? वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण उंबरठ्यावरच्या नजरेला कायदा लावता येत नाही.

‘प्रश्नचिन्ह’नं या पालकांना भटकणं सोडा असं आधी सांगितलं नाही. मुलांना राहायला जागा दिली. शाहूंची वसतिगृहं, पंजाबरावांचं छात्रालय आणि ही शाळा, तिघांमागचा विचार एकच दिसतो: आधी पालकाची अडचण सोडवा. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेच्या आवाराचा काही भाग गेला, त्यात मुलांचं ग्रंथालयही होतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा रस्ता सुरू झाला. पुढच्या वेळी त्यावरून आमच्या तालुक्यातून जाल, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

पिवळी व्हॅन

आता आजचा प्रश्न, आणि तो माझ्या घरात आहे. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा झाला. तिच्या गावच्या झेडपी शाळेत चौथीपर्यंत मिळून वीसही मुलं नाहीत. दोन शिक्षक, त्यातले एक कायम कुठल्यातरी कामावर किंवा प्रशिक्षणाला. सकाळी गावातून पिवळी व्हॅन निघते आणि मुलांना इंग्रजी शाळेत नेते. ताईनं मला फोन केला, “दादा, तूच सांग. पोराले गावातच टाकू का व्हॅनमदी बसवू?”

इंग्रजीसाठी मुलं जाऊ नयेत म्हणून सरकारनं २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. तरी व्हॅन भरत गेली. कारण पालक नुसती भाषा विकत घेत नाहीत. बाई रोज वर्गात असतील, वर्गाला स्वतंत्र शिक्षक असेल, आणि तक्रार केली तर कोणीतरी ऐकेल, अशी आशा ते विकत घेतात. आशा पूर्ण होतेच असं नाही. पण फी भरणाऱ्याला जाब विचारता येतो, असं त्याला वाटतं. काकूला समितीवर असूनही ते वाटलं नाही.

कोविडनं यात भर टाकली. मार्च २०२० मध्ये बंद झालेले खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. तोवर शाळा फोनमध्ये होती, आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापासोबत शेतात जायचा.

२०२३ मध्ये शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. राज्यात अशा शाळा १४,७८३ होत्या, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. हिशोब वरून बघितला तर पटतो: इतक्या कमी मुलांसाठी इमारत, दोन शिक्षक, खिचडीची व्यवस्था. पण त्या १ लाख ८५ हजारांतली मुलं कोणाची आहेत? ज्यांना व्हॅन परवडते त्यांची बहुतेक आधीच गेलीत. मागे राहिलेत ते मजूर, एकटी आई, भूमिहीन, पारध्याचं एखादं बिऱ्हाड. शाळा चार किलोमीटर पुढे सरकली की त्यांना पुन्हा शामराव देशमुखांसारखं तिच्या मागे जावं लागेल, आणि त्यांच्याकडे गहाण टाकायला काही नाही. मुली तर पहिल्यांदा घरी बसतील.

जाणारा पालक चुकतो असं मी म्हणणार नाही. तो आजीच्या बापासारखाच हिशोब करतोय आणि हिशोब बरोबर आहे. पण प्रत्येक जाणाऱ्या मुलामागे पट एकानं घटतो, पटावर शिक्षक ठरतात, आणि एकाच्या बरोबर हिशोबाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. म्हणून बहिणीला मी सल्ला दिला नाही, एक प्रश्न दिला: गावातली आणखी चार घरं सोबत राहतील का ते विचार. एकटीनं मूल झेडपीत टाकणं हा त्याग आहे, पाच जणींनी टाकणं ही ताकद आहे. ती अजून विचारते आहे.

काकूच्या गावात मात्र गेल्या हंगामात एक साधी गोष्ट झाली. नवीन मुख्याध्यापक आले आणि त्यांनी वेचणीच्या दिवसांत समितीची बैठक रात्री आठला ठेवली. पालक आले, सदस्य नव्हते तेही आले. तीन गोष्टी मागितल्या: दुसऱ्या शिक्षकाला बाहेरच्या कामातून सोडा, तिसरी-चौथीच्या मुलांना मोठ्यानं वाचून घ्या म्हणजे आम्हाला ऐकू येईल, आणि वेचणीच्या महिन्यात शाळा सुटल्यावर पाचपर्यंत मुलांना आवारात बसू द्या, घरी कोणी नसतं. पहिली मागणी वर पाठवली आहे. दुसरी लगेच सुरू झाली. तिसरीसाठी गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी होकार दिला. काकूची मुदत संपली आहे, तरी ती त्या बैठकीला गेली होती. म्हणाली, रोजी पडली नाही.